कूलर नुसता रिकामा करू नका, घासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सिडकोत कूलर, पंखे, मिक्सर दुरुस्त करण्याचं माझं दुकान आहे. पावसाळा लागला की डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात, आणि त्याच सुमाराला घरोघरचे कूलर बंद होऊन गॅलरीत किंवा गच्चीवर जातात. या दोन गोष्टींचा संबंध मी रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून लिहितोय.

बहुतेक लोक कूलर ठेवून देताना बूच काढतात, पाणी सोडतात आणि काम झालं असं समजतात. पण बुचाचं भोक टाकीच्या तळापेक्षा थोडं वर असतं, त्यामुळे बोटभर पाणी तळाशी राहतंच. त्यात आषाढातल्या पावसाची भर पडते. तरीही माझा खरा मुद्दा त्या पाण्याचा नाही. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. पाणी सुकलं तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने तशीच कोरडी टिकतात आणि टाकी पुन्हा भरली की त्यातून अळ्या निघतात. टाकी उन्हात धरून पाण्याच्या जुन्या डागाजवळ नीट पाहा. खसखशीहून बारीक काळे ठिपके दिसले तर त्यांना धूळ समजू नका. ते नुसत्या पाण्याने निघत नाहीत. साबण लावून कडक ब्रशने किंवा काथ्याने चारही भिंती, कोपरे आणि पंपाखालची जागा घासावी लागते. घासलेलं पाणी गटारात न सोडता तापलेल्या कोरड्या जागेवर ओता. जुन्या गवताच्या जाळ्या पिशवीत बांधून घंटागाडीत द्या, कोपऱ्यात पडू देऊ नका.

आमच्याकडे नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येतं, त्यामुळे ड्रम, टाक्या भरून ठेवणं कुणालाच चुकत नाही. त्यांनाही हाच नियम. अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, पण त्या दिवशी ड्रम नुसता उपडा न करता आतून घासला पाहिजे. फ्रीजमागचा ट्रे आणि कुंडीखालची ताटली यांच्याकडे तर कुणी वळूनही बघत नाही.

धुरळणीची गाडी गल्लीत आली की लोकांना हायसं वाटतं. धुराने उडणारे डास मरतात, भिंतीवरच्या अंड्यांना काहीही होत नाही. शिवाय हा डास दिवसा चावतो आणि साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच वावरतो. म्हणजे तुमच्या घरात डेंग्यू आला तर डास बहुधा तुमच्याच बिल्डिंगमधला किंवा शेजारच्या बंद फ्लॅटच्या गॅलरीतला असतो. तपासणीला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना "आमच्याकडे काही नाही" म्हणत दारातूनच परत पाठवू नका. त्यांना गच्चीवर घेऊन जा, सोसायटीच्या सेक्रेटरींनी बंद फ्लॅटवाल्यांना फोन लावा.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलाला डेंग्यू झाला होता. ताप उतरला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बजावलं की आता एक-दोन दिवस जास्त जपायचे. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घ्यायची नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोराच्या उशाशी बसून काढलेल्या त्या रात्री कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. सर्व्हिसिंगला गेलात की मोटरला तेल आणि नव्या जाळ्या एवढ्यावर थांबू नका, टाकी घासूनच निघा. आणि ग्राहकांनो, ती तुमच्यासमोर घासून घ्या. कारागिराने त्याचे वेगळे पैसे मागितले तर जरूर द्या.

आपला,
एक कूलर दुरुस्ती कारागीर,
सिडको, नाशिक