चंद्राला सांभाळा

भावा,

काल माळ्यावरचा जुना सीपीयू भंगारात द्यायचा म्हणून खाली काढला, उगाच वायर जोडून बघितली तर चक्क चालू झाला की लगा! आणि डेस्कटॉपवर ती फाईल. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद होणार म्हणून आदल्या रात्री आपण तिथं एकेक पात्र घेऊन, पोस्ट लिहून लिहून खेळायचो तो गडाच्या वेढ्याचा सगळा खेळ तारखांसकट कॉपी-पेस्ट करून ठेवलेला, परत कधी उघडलाच नव्हता. दीड वाजेपर्यंत वाचत बसलो. बायको म्हणाली ऑफिसचं एवढं काय आलंय, म्हटलं हाय काहीतरी.

लई हसलो बघ. गडाचं नाव तेवढं बदललेलं, बाकी तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंधारबाव, सगळा पन्हाळा जसाच्या तसा ढापलेला. १६६० साली सिद्दी जौहरचा खरा वेढा चारेक महिने चालला, आपला दोन वर्षं, कारण निम्मे मावळे बारावीला. असाच पात्रं घेऊन खेळायचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, आणि इंग्लंडात एसेक्स युनिव्हर्सिटीत १९७८ लाच नुसत्या अक्षरांवर चालणारा 'मड' नावाचा कॉम्प्युटर गेम निघालेला, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर वाटायचं हा नाद आपणच काढलाय.

नियम एकच होता, दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही. तलवार उगारली एवढंच लिहायचं, लागली का नाही ते समोरचा ठरवणार. तो नियम तू किती वेळा मोडलास माहितीये? मी राजारामपुरीतल्या कॅफेत, तासाला १५ रुपये, ऐन लढाईत लाईट जायची, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तू लिहिलेलं असायचं, 'सर्जेराव अंबरखान्यात झोपलाय, कुणी उठवू नका.' कुणी मारू नये म्हणून. तेव्हा मला ते नॉर्मलच वाटायचं.

आणि मी काय केलं, तर २००९ च्या पावसाळ्यात तू आठ दिवस गायब, टर्न तुझ्या चंद्रा वैद्यीणीची, सगळे खोळंबलेले, म्हणून वैतागून तिला बुरुजावरून खाली ढकललं. वर सगळ्यांनी वा वा केली, काय लिहिलंयस म्हणून. तू परत आलास, एक शब्द बोलला नाहीस, पाणक्या म्हणून नवीन पात्र घेऊन गुपचूप घागरी वाहायला लागलास.

काल तुझी त्याच्या आधीची पोस्ट वाचली. खाली डबल कंसात, ((बाबांना ॲडमिट केलंय, काही दिवस नाही येणार, चंद्राला सांभाळा)). कंसात कायम 'जेवून येतो', 'आई ओरडतीये' असलंच असायचं, म्हणून मी ते सोडूनच वाचायचो रे. बाबा त्याच पावसाळ्यात गेले हे तू नंतर सांगितलंवतंस, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा, रंकाळ्यावर भेळ खाताना. मी 'अरेरे' म्हणून पुढं पाणक्याच्या गप्पा मारत बसलो, तारखा कधी जुळवल्याच नाहीत. तू पण एका शब्दानं बोलला नाहीस, हे मला जास्त लागतंय.

माफी फोनवर मागायला जमंना म्हणून हे एवढं टाईप केलं. फाईल पाठवत नाही, पेनड्राईव्हवर घेऊन येतो. रविवारी सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला येतोय, घरी आहेस का तेवढं कळव. काकूंना जेवणाचा घाट घालू देऊ नको.

तुझा,
सर्जेराव