साथीच्या काळात अर्धांगवायूच्या रुग्णाने किती वेळ थांबायचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२० मध्ये एका सकाळी सातच्या सुमारास, भुदरगड तालुक्यातील आमच्या घरी चुलत्यांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली, तोंड वाकडे झाले आणि जीभ जड झाली. दवाखान्यात नेले तर कोरोनाच व्हायचा, या भीतीने आम्ही दीड तास घालवला. ती चूक आमचीच. मात्र दहा वाजता कोल्हापुरातील रुग्णालयात पोहोचल्यावर आधी स्वॅब, मग अहवालाची वाट आणि सीटी स्कॅनपुढे छातीच्या तपासणीसाठी आलेल्यांची रांग, असे करता करता मेंदूचा स्कॅन व्हायला दुपारचा एक वाजून गेला.

मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि मेंदूत रक्तस्राव नाही याची स्कॅनवर खात्री झाल्याशिवाय ते देता येत नाही, कारण रक्तस्रावात तेच औषध जिवावर बेतते. म्हणजे स्कॅन अडला की उपचारच अडला. आमचे चुलते गुऱ्हाळावरचे गुळव्या; काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहणारे. त्या बोटांना आज सदऱ्याची गुंडीही लावता येत नाही.

त्या वर्षी जगभरच अर्धांगवायूचे रुग्ण रुग्णालयांत कमी दाखल झाले. आजार कमी झाला नव्हता, उलट कोविडमुळेही रक्तात गुठळ्या होत होत्या; माणसे घरीच थांबली होती. म्हणून टाळेबंदीच्या सूचनांबरोबरच 'तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, तर तत्काळ निघा' हेही गावोगावी सांगितले जायला हवे होते.

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचण्यापूर्वीच आपल्या जिल्ह्यात स्थलांतराची तयारी ठेवली जाते. तशीच तयारी पुढच्या साथीसाठी आज कागदावर यावी, अशी माझी मागणी आहे. अर्धांगवायूच्या प्रत्येक रुग्णाला संसर्ग आहे असे गृहीत धरून कर्मचाऱ्यांनी संरक्षक पोशाखात थेट स्कॅनला न्यावे, स्वॅब घ्यावा पण अहवालासाठी उपचार थांबवू नयेत, आणि जिल्ह्यातील किमान एक सीटी स्कॅन यंत्र व एक रुग्णवाहिका साथीच्या कामातून वगळून अशा रुग्णांसाठी राखून ठेवावी. हा आदेश साथ येण्याआधी निघावा.

आपला,
भुदरगड तालुक्यातील एक नागरिक