तुझ्या कादंबरीतल्या कप्तानाविषयी

नगर,
रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीची प्रकरणं मिळाली आणि त्याच रात्री वाचून काढली. कंपूची (म्हणजे शिंद्यांच्या कवायती फौजेची) छावणी, बंजाऱ्यांचे बैल, बाजारबुणगे, पावसाळ्यात फुगलेली गोदावरी, हे सगळं फार जिवंत उतरलंय. पण ज्याच्या जोरावर कादंबरी पुढे जायची तो तुझा फिरंगी कप्तान मला पटला नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तुला नुसतंच वाईट वाटलं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझा कप्तान आल्या आल्या घोड्याला चाबकानं फोडतो, लगेच भिश्याला लाथ घालतो आणि मग मिशीला पीळ देत हसतो. वाचकानं त्याला तिथेच ओळखलं. आता तो काहीही करो, धक्का बसत नाही. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. अशा माणसाच्या शब्दावर एक अख्खी पलटण तोफांच्या तोंडी का जाईल? तुझ्या सुभेदाराला, त्या शहाण्यासुरत्या माणसाला, हा कप्तान देवासारखा का वाटतो? तू लिहिलंयस की वाटतो. पण तो तसा मला कुठे दिसला नाही.

बर्नार्ड कॉर्नवेलच्या, रिचर्ड शार्प या इंग्रजी फौजेतल्या सैनिकावरच्या कादंबऱ्या तू वाचल्यास का? नसशील तर ‘शार्प्स ट्रायम्फ’ (१९९८) आणि तिच्या पुढची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या दोन मिळवच. तुझ्याच १८०३ सालातल्या, इंग्रज-मराठा युद्धातल्या आहेत. नगर, असई, अडगाव, गाविलगड, सगळा आपलाच मुलूख. त्यातला मेजर विल्यम डॉड नीट पाहा. तुला जो माणूस लिहायचाय तो हा आहे.

डॉड हा मूळचा ईस्ट इंडिया कंपनीचा लेफ्टनंट. कंपनीच्या फौजेत बढती ज्येष्ठतेनं मिळायची, म्हणजे वरचा माणूस मेल्याशिवाय किंवा विलायतेला परतल्याशिवाय जागा रिकामी व्हायची नाही. डॉड त्याच एका हुद्द्यावर कुजत पडलाय. अंगात कर्तबगारी आहे, आणि ती आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या हुकमानं एका सोनाराला मारहाण होते, सोनार मरतो, खुनाचा खटला अंगावर येणार असं दिसताच डॉड आपले काही शिपाई घेऊन शिंद्यांच्या फौजेत पळतो. हा माणूस हवेतून काढलेला नाही. डॉड नावाचा एक लेफ्टनंट त्या सुमारास सोनाराच्या मृत्यूपायी कंपनीची नोकरी सोडून खरोखरच पळाला होता. त्यापुढचा डॉड मात्र सगळा कॉर्नवेलचा.

त्याचा पहिला प्रवेश कसा आहे बघ. चासलगाव नावाचं कंपनीचं एक ठाणं, हे कल्पित आहे. लाल डगले घातलेली पलटण कवायतीच्या शिस्तीत दारात येते, पुढे गोरा अधिकारी. आतले लोक आपलेच समजून दार उघडतात. आरडाओरडा नाही, घाई नाही. आणि मग त्याच शिस्तीत बंदुका वर होतात आणि ठाण्यातल्या एकेकाला टिपून मारलं जातं. शार्प प्रेतांमध्ये मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो, म्हणून वाचतो. सुधीर, मला या प्रसंगातल्या रक्तापेक्षा ती शिस्त जास्त भयंकर वाटते. डॉड चिडलेला नाही. त्याला साक्षीदार नको आहेत, एवढंच. आणि त्याचे शिपाई हुकूम बिनबोभाट पाळतात, कारण तोवर ते त्याचे झालेत.

ते त्याचे का झाले, हे कॉर्नवेल सांगत बसत नाही, दाखवतो. नगर शहराचा तट इंग्रज सर करतात, धावपळ उडते, बाकीची फौज मिळेल त्या वाटेनं पळत सुटते, पण डॉडची पलटण रांग न मोडता बाहेर पडते. असईलाही तेच. शिपायाला यापेक्षा काय हवं असतं? आपला साहेब आपल्याला मरू देत नाही, एवढं त्याला दिसलं की तो बाकी काही विचारत नाही. डॉड पलटणीला नागाचं नाव देतो, निशाण देतो, आपण जिंकणारी माणसं आहोत हा विश्वास देतो. आणि माझं मत विचारशील तर हे सोंग नाही. तो खरोखरच उत्तम सेनानी आहे, त्याला ती पलटण खरोखरच जिवापाड प्रिय आहे. प्रिय आहे ती स्वतःच्या वर चढण्याची शिडी म्हणून. शिपायांना हे कळायला मार्ग नाही, कारण जोवर शिडी लागते तोवर प्रेम आणि स्वार्थ यांत काडीचा फरक दिसत नाही. तुझ्या कप्तानात हा काळ हवा. चांगला लांब, शंभरेक पानांचा, ज्यात वाचकही त्याच्या बाजूचा होऊन जाईल.

याच कादंबऱ्यांत ओबाडाया हेक्सविल नावाचा एक सार्जंट आहे. लहानपणी फासावरून वाचलेला, मान सतत उडणारी, आपल्याला मरणच नाही असं मानणारा. वाचक त्याला विसरत नाहीत, त्याचा तिरस्कारही मनापासून करतात. पण त्याच्यामागे भीतीशिवाय कुणी जात नाही. तुझा कप्तान या हेक्सविलच्या वळणावर गेलाय आणि काम मात्र तू त्याला डॉडचं दिलंयस. ते काही जमत नाही.

आणखी एक फार मोलाची गोष्ट. असईला शिंद्यांच्या कंपूंचा सेनापती असलेला अँथनी पोलमन, हा इतिहासातलाही खरा माणूस, हनोव्हरचा, कादंबरीत शार्पलाच हुद्दा देऊ करतो. शार्प साधा सार्जंट, अनाथ, इंग्रजी फौजेत त्याला अधिकारी होण्याची आशा जवळजवळ शून्य. इकडे मात्र हुद्दा, पैसा, मान, सगळं समोर ठेवलेलं. शार्पचं मन डळमळतं. म्हणजे नायकाला आणि खलनायकाला लागलेली भूक एकच आहे. डॉडनं जी वाट धरली ती शार्पच्याही पायांपुढे होती. तुझ्या नायकाला कप्तानाचं आकर्षण एकदा तरी वाटू दे. त्याला एक रात्र झोप लागू देऊ नकोस.

आता इतिहासाकडे वळतो, कारण इथे तुझी कादंबरी कॉर्नवेलच्याही पुढे जाऊ शकते असं मला मनापासून वाटतं.

द बॉइन्य या युरोपियन सेनानीनं महादजी शिंद्यांसाठी कंपू उभे केले तेव्हा त्याचा सगळा भर एका गोष्टीवर होता: पगार वेळेवर. त्यासाठी दोआबातला मुलूख तोडून घेतला होता. आपल्या फौजांत तलब महिनोन् महिने थकायची, शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे. अशा काळात ठरल्या दिवशी हातावर पैसे ठेवणारा साहेब शिपायाला किती मोठा वाटला असेल! तुझ्या कप्तानाच्या मोहिनीचं मूळ डोळ्यांत किंवा आवाजात शोधू नकोस. पगारवाटपाचा एक प्रसंग लिही. तो घोंगडीवर बसलाय, समोर थैल्या, एकेकाचं नाव त्याला पाठ आहे, कुणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे हेही माहीत आहे. कारकुनानं कापलेला आणा तो सगळ्यांदेखत परत द्यायला लावतो. मग पुढे हाच माणूस त्याच शिपायाला वाऱ्यावर सोडेल तेव्हा आमच्या काळजाला घरं पडतील.

आणि दगा! डॉड कंपनीला दगा देऊन शिंद्यांकडे येतो. कादंबरीत ते ठीक आहे. पण १८०३ च्या युद्धात दग्याचं पाणी मुख्यतः उलट्या दिशेनं वाहिलं. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यानं ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढला की मराठ्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी निघून यावं, त्यांची सोय केली जाईल. कितीतरी जण गेले. अलीगढच्या किल्ल्यावर ४ सप्टेंबरला इंग्रज चालून आले तेव्हा त्यांना दरवाजापर्यंतची वाट दाखवणारा लुकन हा अधिकारी कालपरवापर्यंत शिंद्यांच्या नोकरीत होता. शिंद्यांच्या सगळ्या कंपूंचा मुख्य, फ्रेंच सेनानी पेराँ स्वतः त्याच महिन्यात इंग्रज सेनापती लेकच्या आश्रयाला गेला. होळकरांकडची गोष्ट तर त्याहून करुण आहे. १८०२ च्या पुण्याच्या लढाईत यशवंतरावांच्या बाजूनं लढलेल्या व्हिकर्स या त्यांच्या फिरंगी अधिकाऱ्याला १८०४ साली इंग्रजांशी संधान असल्याच्या संशयावरून आणखी दोघांसह ठार मारलं गेलं. संशयाची हवा किती दाट झाली असेल याची कल्पना कर.

आता त्या कंपूतल्या आपल्या माणसांचा विचार कर. ज्यानं बंदूक धरायला शिकवलं, ज्याच्या शिट्टीवर पाय उचलायचे, तो साहेब एका सकाळी तंबूत नाही. त्यांनी काय केलं? असईला २३ सप्टेंबरला काय केलं ते इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, संगिनी छातीत शिरेपर्यंत. पहिली लाट वरून निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. आर्थर वेलस्लीला, म्हणजे त्या लॉर्ड वेलस्लीच्या भावाला, पुढच्या वेलिंग्टनला, मागे वळून त्या पुन्हा घ्याव्या लागल्या. इंग्रजांचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले, ते बहुतांश या तोफांमुळे. ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. त्या तोफांवरच्या एकाही गोलंदाजाचं नाव आज आपल्याला सांगता येत नाही, आणि मला याचा फार त्रास होतो. तुझ्या कादंबरीत त्यांतल्या एकाला नाव दे. कप्तानाचा सगळ्यांत निष्ठावंत माणूस तोच असू दे.

शेवटी गाविलगड. डॉड तिथे पोचलाय, आता त्याला नुसती बढती नको, राज्यच हवंय. १५ डिसेंबर. इंग्रज बाहेरच्या किल्ल्यात घुसलेत, नागपूरच्या राजाचा भाऊ मन्याबापू भोसले लढत लढत आतल्या किल्ल्याच्या दरवाजापाशी मागे येतो, त्याच्यामागे त्याची माणसं, आणि डॉड दार उघडत नाही. स्वतःच्याच बाजूची माणसं उंबऱ्यावर कापली जातात आणि हा वरून बघतो. जो चासलगावला उघड्या दारातून आत आला तो इथे दार बंद करतो. दोन्ही वेळा चेहरा तोच, थंड, हिशोबी. माझ्या मते कॉर्नवेलनं डॉडबद्दल जे सांगायचं ते या बंद दारात सांगितलंय. पुढचं द्वंद्व, शार्पच्या गालावरचा तो जन्मभराचा व्रण, डॉडचा मृत्यू, हे वाचकाला हवं म्हणून आहे आणि चांगलंच आहे.

(खरे मन्याबापू म्हणजे व्यंकोजी भोसले त्या दिवशी मेले नाहीत, ते पुढे कित्येक वर्षं जगले. नागपूरच्या अप्पासाहेबांचे ते वडील. कादंबरीकारानं त्यांना गडावरच संपवलं. आतल्या किल्ल्यावर शिडी लावून चढणारा कॅप्टन कॅम्पबेल मात्र खरा. एवढी मुभा तूही घे, पण शेवटी टीप देऊन वाचकाला खरं काय ते सांग, कॉर्नवेल तसं सांगतो.)

आता कामाचं. भिश्याला मारलेली लाथ काढून टाक. घोड्याचा चाबूकही काढ. कप्तानाला मराठी बोलू दे, दख्खनी वळणाचं, शिपायांकडून शिकलेलं. त्याला एखादी गोष्ट खरोखर सुंदर करता येऊ दे, तोफेचा नेम धरणं म्हण किंवा जखम बांधणं म्हण. सुभेदाराशी तो कधीच खोटं बोलत नाही असं ठेव, फक्त अर्धं खरं सांगतो. आणि जाहीरनामा छावणीत पोचतो ती रात्र पूर्ण लिही. सध्या तू ती दोन परिच्छेदांत उरकली आहेस. त्या रात्री तो कुणाकुणाच्या राहुटीत जातो, कुणाला काय वचन देतो, कुणाशी नजर टाळतो, हे सगळं मला वाचायचंय. सुभेदाराला आधीच कुणकुण लागलेली असावी आणि तरी त्यानं सकाळची कवायत नेहमीसारखी घ्यावी, असं मला सारखं वाटतंय. तुला पटलं तरच कर.

असईला तू अजून गेला नाहीस ना? भोकरदन तालुक्यात आहे. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभं राहिल्याशिवाय ती लढाई कागदावरच्या नकाशातून कळत नाही. दिवाळीनंतर दोन दिवस काढून इकडे ये, आपण माझ्या गाडीनं जाऊ. येताना नदी ओलांडायचा प्रसंग लिहिलेली पानं घेऊन ये, तिथे बसून वाचू.

दोन्ही पुस्तकं माझ्याकडे आहेत, उद्याच्या कुरिअरनं पाठवतो. समासात पेन्सिलीनं बरंच लिहिलंय, खोडू नकोस. वहिनींना नमस्कार, ऋताला परीक्षेसाठी शुभेच्छा. जाहीरनाम्याच्या रात्रीचं प्रकरण झालं की बाकीच्यांची वाट न बघता तेवढंच पाठव.

तुझा,
मिलिंद