तुला न आठवणारा जुलै

कन्नमवार नगर, विक्रोळी
रविवार, रात्री साडेबारा

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आत घोरतोयस. बॅग दारापाशी उभी आहे. आईने चिवड्याचा डबा तीन वेळा आत-बाहेर केला, शेवटी तुझे बूट काढून डबा बसवला. परवा पुण्यात बॅग उघडशील तेव्हा बूट मिळणार नाहीत, हे पत्र मिळेल. बूट ताई घेऊन येईल पुढच्या शनिवारी.

फोनवर सांगता आलं असतं, पण बोललेलं तुझ्या हातून निसटतं आणि कागदावरचं राहतं. म्हणून कागद.

२०१९च्या जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचं तुला काही आठवत नाही. आईला विचारलंस, ताईला विचारलंस, मला कधी विचारलं नाहीस. मीही आपणहून सांगितलं नाही. सांगायचं तर माझं वागणंही सांगावं लागलं असतं.

बारावी नुकती सुरू झाली होती. संध्याकाळी तुझं अंग कोमट लागायचं, डोकं दुखायचं, ताटात अर्धी पोळी राहायची. मी म्हटलं, मोबाईल कमी कर. आईने दृष्ट काढली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, मग टायफॉइड म्हणून. त्यांच्यावर माझा राग नाही. पावसाच्या तोंडावर मुंबईत ताप आला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड ह्याच रांगेत माणूस शोधतो. खोकला असता तर कुणाच्या तरी तोंडून टीबी निघालं असतं. तुला खोकला नव्हताच. असे तीन आठवडे गेले. शेवटी शेवटी तू उगाच चिडायला लागलास, सकाळी उठल्या उठल्या उलटी करायचास, आणि एका रात्री म्हणालास, "बाबा, दोन ट्यूबलाइट दिसतायत." मी म्हणालो, "बरंय की, एका बिलात दोन." आणि हसलो. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस आत दाबली जात होती, म्हणून दोन दिसत होत्या. ते मला दहा दिवसांनी कळलं.

सोमवारी, १ जुलैच्या रात्री तुला फिट आली. पाऊस असा की दुसऱ्या दिवशी सरकारने सुट्टी जाहीर केली आणि आमची मध्य रेल्वे ठप्प. शेजारच्या काकूंनी चप्पल आणून नाकाशी धरली. मी स्वतः तुझ्या दातांत चमचा घातला. जीभ चावशील असं वाटलं. तुझा पुढचा दात टिचलेला आहे ना, तो बॉल लागून टिचला असं आम्ही तुला सांगत आलोय. तो माझ्या चमच्याने टिचला. खालच्या भाजीवाल्याच्या टेम्पोत ताडपत्रीखाली तुला झोपवलं आणि पाण्यातून निघालो.

हॉस्पिटलात तुझ्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. बाटलीत बघितलं तर नळाच्या पाण्यासारखं नितळ. मला वाटलं, स्वच्छ आहे म्हणजे काळजी नाही. रिपोर्ट आला तो उलटा: साखर कमी, प्रोटीन भरपूर, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मेंदूचा टीबी.

हा कुठून आला, हे तेव्हा मी भेटेल त्याला विचारत होतो. वर्कशॉपमधल्या खोकणाऱ्या माणसांची मनात यादी केली, त्यांच्याशी महिनाभर धड बोललो नाही. आता कळतं, ते वेडेपण होतं. जंतू श्वासातून छातीत जातो आणि गप्प बसतो, कधी वर्षानुवर्षं. रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन तिथे बारीक गाठ धरतो. ती गाठ कधीतरी फुटते. जन्मल्याबरोबर टोचलेली बीसीजी लहानपणी ह्यापासून बरंच राखते, मोठेपणी तिचा भरवसा उरत नाही. लोकलच्या डब्यातल्या कुठल्या माणसाकडून आला, कोण सांगणार? आणि तुझ्याकडून तो कुणाला जाणार नव्हता, छाती स्वच्छ होती. तरी आईने तुझा कप वर्षभर वेगळा ठेवला. ती तुझी माफी मागणार नाही, म्हणून मी मागतो.

गाठ फुटली की मेंदूच्या तळाशी एक घट्ट चिकट थर साचतो. डॉक्टरबाईंनी मला चित्र काढून दाखवलं आणि मी म्हटलं, हे तर जुनं ग्रीस. मी सत्तावीस वर्षं एअर ब्रेक सेक्शनला काढली. पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या पूर्ण दुरुस्तीला, आलेला व्हॉल्व्ह उघडला की असंच दिसतं, वंगण वाळून घट्ट होतं आणि बारीक भोकं बुजवतं. तुझ्या डोक्यात त्या थरात डोळ्याची नस सापडली. आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्या, त्यातल्या एकीचं रक्त थांबलं, म्हणून तुझी डावी बोटं अजून शर्टाच्या बटणाशी झगडतात. आणि पाण्याची वाट बुजली. मेंदू दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार करतो, एका वेळी आत असतं जेमतेम दीडशे मिली. बाकीचं सतत वाहून जायला हवं. तुझं वाहत नव्हतं, आतल्या पोकळ्या फुगत चालल्या होत्या. चौथ्या दिवशी तुला शंट बसवला, ते पाणी बाहेर काढणारी नळी.

कानामागे हाताला लागतो तो व्हॉल्व्ह. तिथून नळी मानेतून, छातीवरून, कातडीखालून पोटात उतरते. हा आपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ठरलेल्या दाबाला उघडतो आणि पाणी मागे येऊ देत नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना बाकी काही समजलं नव्हतं, एवढं मात्र समजलं होतं. पुढे कधीतरी मी वाचलं की ह्या कामाचा चालणारा व्हॉल्व्ह कुण्या सर्जनने नाही, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाकडच्या एका कारागिराने बनवला. जॉन होल्टर. कुलपांच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या मुलाच्या, केसीच्या डोक्यात पाणी साचत होतं आणि डॉक्टरांकडे टिकेल असा व्हॉल्व्ह नव्हता. ह्याने घरी खटपट करून सिलिकॉनचा केला, १९५६ साली. केसी लहानपणीच गेला, पण तो व्हॉल्व्ह पुढे कितीतरी मुलांच्या डोक्यात बसला. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी बोगीचे व्हॉल्व्ह नीट बसवत आलो आणि घरातला तुंबत होता तो मला दिसला नाही.

औषधांचं तुला थोडं आठवत असेल. लघवी केशरी व्हायची ती एका गोळीने. दुसरी एक डोळ्यांवर जाते, आधी लाल-हिरव्यातला फरक मंदावतो. रेल्वेत आमचे डोळे रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकावर तपासतात. मी ते चित्र मोबाईलवर काढून दर रविवारी तुला आकडे ओळखायला लावायचो आणि तू वैतागायचास. स्टेरॉइडने तोंड सुजलं होतं, आत्या म्हणाली, "बाळसं धरलंय." बारा महिने अशा गोळ्या. शेवटचे चार महिने लॉकडाऊनमधले. महापालिकेच्या केंद्रावर मी रेल्वेचं ओळखपत्र गळ्यात घालून जायचो, पोलीस सोडायचे. जुलै २०२०ला कोर्स संपला. दुकानं अर्धी बंद, तरी मी पेढे मिळवले.

इथपर्यंतचं सांगताना माझा हात अडखळत नाही. पुढचं अवघड आहे.

पेढे वाटले आणि माझ्या मते तू बरा झालास. कागदावर तसंच लिहिलं होतं. मग तू दूध गॅसवर ठेवून विसरायचास. एक धडा चारदा वाचून पाचव्यांदा कोरा. ताटावरून उठून आदळआपट. आई म्हणायची, त्याला होत नाहीये. मी म्हणायचो, त्याला करायचं नाहीये. "आजारपणाची सवय लागलीय" हे वाक्य मी तुझ्यासमोर, पाहुण्यांसमोर, चाळीतल्या लोकांसमोर बोललोय. ते तुला आठवत नसेल तर बरंच आहे. आठवत असेल तर ते चूक होतं.

फेब्रुवारी २०२१मध्ये तू दुपारी बारा-बारापर्यंत झोपायला लागलास. डोकं दुखतं म्हणायचास. एका सकाळी मी तांब्याभर पाणी तुझ्या तोंडावर ओतलं. तू उठलास, माझ्याकडे बघितलंस, काही बोलला नाहीस, ओल्या उशीवरच परत झोपलास. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. शंट तुंबला होता. स्कॅनमध्ये पोकळ्या पुन्हा फुगलेल्या. रात्रीत नवीन बसवला. डॉक्टरबाईंनी विचारलं, झोप कधीपासून वाढली होती? मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. येत होतं, ओंकार. आठ दिवसांपासून.

त्याच बाईंनी नंतर मला बाकड्यावर बसवून सांगितलं. २००४ साली व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला, तुला दिलं तेच स्टेरॉइड. त्याने मरणारे कमी झाले. पण जगलेल्यांमधलं अपंगत्व कमी झालेलं दिसलं नाही. "आम्ही जीव वाचवतो," त्या म्हणाल्या, "उरलेलं घरच्यांच्या पदरात टाकतो." आणि मग एकेक उलगडून सांगितलं. जिथे रक्त पोचलं नाही तिथलं मेलेलं परत उगवत नाही. शेजारचा मेंदू थोडं काम उचलतो, पण सावकाश, आणि दमतो. नवीन गोष्ट आत बसायला वेळ लागतो, जुनं मात्र शाबूत असतं. म्हणून तुला पाचवीतल्या कविता येतात आणि सकाळची भाजी सांगता येत नाही. रागाचं काही त्या जखमेचं, काही फिटच्या गोळीचं. ती गोळी माणसाला चिडकं करू शकते हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनीच तुला वही लावून दिली. आणि बघ, आज घरात गॅसचा नंबर, विम्याची तारीख, आईच्या चष्म्याचा आकडा फक्त तुलाच सापडतो.

आता पुण्याचं. हे वहीत उतरवून घे.

खोलीवरच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांग. लाजू नकोस. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका (माझं नाव सांग हवं तर), घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. आणि चप्पल पायातच ठेवा. गोळी कितीही बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. रात्रीची झोप मोडायची नाही. जागरणाने फिट येते, मग गणपती असो की मित्राची हळद. डोकं दुखणं, उलटी आणि झोप ही तिन्ही एकत्र आली तर कुणी "आळस" म्हणालं तरी ऐकू नकोस, मी म्हणालो तरी. नळीच्या वाटेवर लाली दिसली, ताप आला, पोट दुखलं तरी तेच. पुण्यात गाडीशिवाय माणूस नसतो, तू बसने जा, उशीर झाला तर होऊ दे. घरी येताना इंद्रायणी पकड नाही तर प्रगती, पण दारात उभं राहायचं नाही. खंडाळ्याचा घाट खिडकीतूनही दिसतो.

साहेबांना सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. आईचं मत "नको", माझं मत "सांग". कागद स्कॅन करून फायली लावायचं काम आहे, ते तू एकदा लिहून घेतलंस की चुकत नाहीस. कुणी सावकाश म्हटलं तर म्हणू दे. लग्नाचा विषय निघाला की आत्या "कशाला बोलायचं" म्हणेल. तिचं ऐकायचं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

एक राहिलं. तू शुद्धीवर आलास ते ११ जुलैला. वर्ल्ड कपची सेमीफायनल आदल्या दिवशी संपली होती. आवाज फुटल्यावर तुझं पहिलं वाक्य, "इंडियाचं काय झालं?" मी खरं सांगितलं, अठरा रनांनी हरलो. तू रडलास. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलंस, इंडियाचं काय झालं? पुन्हा सांगितलं, पुन्हा तसाच रडलास, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. तिसऱ्यांदा मला ते धोनीच्या रनआऊटचं सांगवेना. म्हटलं, "पावसाने मॅच दुसऱ्या दिवसावर गेली होती ना, चालू आहे अजून. धोनी आहे क्रीजवर." तू म्हणालास, "मग होईल," आणि डोळे मिटलेस. त्या दिवसापासून ऑगस्टपर्यंत तू मला रोज वीस-पंचवीस वेळा विचारायचास. नर्सना, ताईला, समोरच्या खाटेवरच्या आजोबांना, सगळ्यांना मी पढवून ठेवलं होतं. कुणीही धोनीला आऊट होऊ दिलं नाही.

पोचलास की फोन कर. आधी गोळी घे, मग फोन.

तुझे
बाबा