रिपोर्ट यायच्या आधीच माणूस खचतो

संपादक साहेब,
आमच्या गल्लीतला एक पोरगा एचआयव्हीची टेस्ट दिल्यापासून रात्र रात्र मोबाइलच्या बॅटरीत जीभ बघत बसायचा, मानेला गाठ लागतीय का चाचपायचा, जेवण तुटलं आणि घरात सांगायची सोय नाही, लई वाईट वाटलं बघून. अहो ताप, पुरळ, गाठी साध्या व्हायरलमधेपण येतात, लक्षणं बघून एचआयव्ही कळतच नाही, टेस्टनंच कळतं, आणि तेपण लगेच नाही म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, तपासणी फुकट आहे, समुपदेशक असतात, रिपोर्ट गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंधनकारक आहे. रात्री जीव घाबरला तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे लागत नाहीत. हा नंबर मराठवाड्यातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरात लिहायलाच पाहिजे.
– एक वाचक, परभणी