नस जाळण्याआधी चाचणी झाली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ऑपरेशनशिवाय कंबरदुखीतून कायमची सुटका’ अशा जाहिराती आरोग्य पुरवण्यांपासून रिक्षांच्या पाठीपर्यंत सगळीकडे दिसू लागल्या आहेत. हा उपचार म्हणजे कंबरेत इंजेक्शन देणे किंवा दुखणे वाहून नेणारी नस सुईने तापवून जाळणे. जाहिरातींत ‘सी-आर्म मशिनच्या साहाय्याने’ हे शब्द ठळक असतात; सी-आर्म म्हणजे सुई टोचताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारे यंत्र. सुई नेमक्या जागी गेली पाहिजे हे खरेच, पण दुखणे त्याच जागेचे आहे की नाही, हे मशिनला कळत नाही. एमआरआयवरही सर्वस्वी विसंबता येत नाही, कारण चाळिशी ओलांडलेल्या, कधीच कंबर न दुखलेल्या कित्येकांच्या रिपोर्टमध्येही मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. दुखरी जागा ओळखायला चाचणी-इंजेक्शन असते, म्हणजे संशयित जागेची नस तात्पुरती बधिर करून दुखणे थांबते का ते बघायचे. घाईत नेमके तेच गाळले जाते.

मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट म्हणतात. प्रत्येक सांध्याच्या वेदना दोन बारीक नसांतून (मज्जातंतूंतून) जातात. एल४-एल५ चा, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधला सांधा बधिर करायचा तर एल३ आणि एल४ या नसा गाठाव्या लागतात. त्यात एल३ची नस भेटते एल४ च्या हाडावर, त्यामुळे पातळी मोजताना नवशिक्याची हमखास गफलत होते. सी-आर्म तिरका फिरवला की पडद्यावर मणका चक्क बुटक्या कुत्र्यासारखा दिसतो. कुत्र्याचा कान आणि नाक जिथे मिळतात, तिथे सुईचे टोक टेकवायचे आणि प्रत्येक नसेला ०.३ ते ०.५ मिली बधिर करणारे औषध द्यायचे, बस्स. उदार हाताने दोन मिली सोडले तर ते शेजारच्या नसांत आणि स्नायूंत पसरते. रुग्णाला बरे वाटते, पण निदान बिघडते. त्याच वेळी झोपेचे किंवा वेदनाशामक इंजेक्शन दिले तरी तसाच घोळ होतो.

खरे काम त्यानंतरचे आहे. सुईआधी दुखणे दहापैकी किती होते, अर्ध्या तासाने किती, पुढे सहा तास दर तासाला किती, हे रुग्णाने कागदावर लिहायचे. पडून राहून नव्हे, तर एरवी ज्याने कळ येते ते वाकणे, जिना चढणे करून बघायचे. औषधाचा अंमल असेपर्यंतच आराम पडला तर खूण पटते. दोन दिवस काहीच जाणवले नाही आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले, तर ती खूण नव्हे. एकाच चाचणीत खोटा होकार बऱ्याचदा मिळतो, म्हणून वेगळ्या दिवशी दुसरी चाचणी करणे उत्तम. दुप्पट खर्च होतो, हे मान्य. चुकीची नस जाळण्याचा खर्च मात्र त्याहून मोठा असतो.

चाचणी पटली की रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईतून सोडलेल्या उच्च वारंवारतेच्या विजेने नस तापवतात, साधारण ८० अंश सेल्सिअसला ६० ते ९० सेकंद. उष्णता सुईच्या टोकापुढे फारशी जात नाही, ती सुईच्या आवरण नसलेल्या, उघड्या भागाच्या बाजूंना पसरते. त्यामुळे सुई नसेला समांतर निजवावी लागते. उभी टोचली तर फोटो छान येतो आणि नस निसटते. तापवण्याआधी सुईतून सौम्य वीजप्रवाह सोडून ५० हर्ट्‌झला ओळखीची कळ येते का आणि २ हर्ट्‌झला पाय उडतो का, हे तपासतात. पाठीचा स्नायू फडफडला तर ठीक, पाय उडाला तर सुई हलवायलाच हवी. नंतर आठवडा-दोन आठवडे जागा हुळहुळी राहते. नस पुन्हा वाढते, म्हणून आराम मिळाला तरी तो काही महिने ते वर्षभराचा. ‘कायमची’ हा शब्द आला कुठून?

जाहिरातीत न येणारी आणखी एक गोष्ट. नेदरलँड्समधल्या २०१७ च्या मोठ्या संशोधन-अभ्यासांत व्यायामाला या उपचाराची जोड देऊन फारसा जास्त फायदा दिसला नाही, आणि ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२५ च्या मार्गदर्शिकेने जुनाट मणकेदुखीत अशा इंजेक्शनांविरुद्धच कौल दिला. त्या अभ्यासांत रुग्णांची निवड ढिली होती, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे असे मला वाटते, पण मग आपल्याकडची निवड कडक आहे हे दाखवायला नको का? उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०१६ मध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीला वाव ठेवला तो चाचणी-इंजेक्शनने गुण आल्यावरच.

सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेच्या एपिड्युरल इंजेक्शनची गोष्ट वेगळी. त्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर स्टिरॉइड सोडतात. तिथे औषधाची बाटली बघावी. ट्रायमसिनोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड हलवली की ताकासारखी पांढरी होतात, कारण त्यांत कण असतात. डेक्सामेथासोन पाण्यासारखे नितळ. नसेलगतच्या रोहिणीत कण शिरून अडकले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो आणि लकवा होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१४ मध्ये एपिड्युरल स्टिरॉइडबाबत असा इशाराच दिला होता. मानेत तर मज्जातंतू मणक्यातून बाहेर पडतो त्या वाटेने पांढरे औषध नकोच. सिरिंज मागे ओढून रक्त आले नाही, एवढ्यावर भागत नाही. औषधाआधी एखादा मिली कॉन्ट्रास्ट डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) सोडून तो नसेच्या कडेने पसरतो की झटकन वाहून दिसेनासा होतो, हे चालू सी-आर्मखाली पाहावे लागते.

मधुमेह्यांची साखर स्टिरॉइडनंतर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणारे क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय अजिबात नाही. लघवी तुंबणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काही असेल तर इंजेक्शनच्या रांगेत न थांबता थेट तातडीचा विभाग गाठावा.

डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘स्पाइन प्रोसिजर’ एवढेच असते. त्याऐवजी कोणती पातळी, कोणती बाजू, औषधाचे नाव आणि मात्रा, आधीचा-नंतरचा वेदनेचा आकडा आणि समोरून व बाजूने घेतलेले दोन फोटो रुग्णाने मागून घ्यावेत. सी-आर्ममध्ये ते साठवलेले असतात, प्रिंट काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, नाशिक