पत्र्याच्या भोकांतून आलेलं ऊन: गिरणीवाल्या काकांना पत्र

काका,

सप्रेम नमस्कार.

मिरजेत कॅमेरा घेऊन आलेला माणूस सतारमेकर गल्लीत जातो, आणि जावंच. ओळीनं मांडलेले भोपळे, तारा जुळवणारे हात, सगळं डोळे भरून बघण्यासारखं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मलाही फार आनंद झाला. पण मी काढलेले माझे सर्वांत आवडते फोटो तुमच्या गिरणीतले आहेत. ते तुमच्यामुळे मिळाले, हे मला चारचौघांत सांगायचंय.

दळणाचा डबा घेऊन मी तुमच्याकडे लहानपणापासून येते. माझ्या हातात कॅमेरा दिसल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "नऊच्या सुमाराला ये. ज्वारी चालू असंल. दाराकडं नको, आत कोपऱ्यात उभी राहा." त्या कोपऱ्यातून ऊन समोरून येतं. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं, त्यांतून तिरके उतरणारे कवडसे, आणि त्यांच्यात तरंगणारं पीठ. दाराशी उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि हेच कवडसे जवळजवळ दिसेनासे होतात. बारीक धूळ उजेडाच्या दिशेनं बघितलं तरच अशी उजळून निघते. फोटोग्राफीच्या वर्गात हे शिकवतात. तुम्हाला ते रोज तिथं उभं राहून ठाऊक होतं.

जमिनीवरचे ठिपकेही तुम्हीच दाखवलेत. भोकं वेडीवाकडी, पण ठिपके सगळे गोलसर. "गिराण लागलं की त्यांच्या कोरी होतात," असं तुम्ही सहज बोलून गेलात आणि मी हातातला डबा खाली ठेवला. काका, तो प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे. छोट्या भोकातून अंधाऱ्या खोलीत उजेड आला की बाहेरचं चित्र आत उमटतं, कॅमेऱ्याचा जन्मच यातून झाला. भोकापासून जमीन उन्हाच्या रेषेत पंधरा फुटांवर असेल तर सूर्य साधारण पावणेदोन इंचांचा पडतो. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या पोटात बसून दळण दळताय! आणि ग्रहणातल्या त्या कोरी तुम्ही स्वतः, कुणी न सांगता टिपल्यात. याचं मला अजून नवल वाटतं.

प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचे फोटोग्राफर होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. पुढे, १९४० ते १९५४ या काळात, ते आपल्या स्टुडिओच्या एका खिडकीचे फोटो काढत राहिले. काचेवरचं दव, बर्फ, पलीकडचं वाकडं झाड. त्यांचं काम मी आधीही बघितलं होतं, पण एकाच जागी इतकी वर्षं काय बघायचं असतं ते तुमच्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर समजलं.

गिरणीच्या दगडांना टाकी लावायच्या, म्हणजे त्यांच्या खाचा छिन्नीनं पुन्हा कोरायच्या दिवशी तुम्ही आठवणीनं निरोप धाडलात, त्याचे तर किती आभार मानू! वरची तळी, म्हणजे वरचा दगड, उलटी करून ठेवलेली, मधल्या भोकापासून कडेपर्यंत गेलेल्या खाचा, आणि दारातून आडवं येणारं ऊन. प्रत्येक खाचेची एक कड उजळ, एक काळी. वरून दिवा लावला असता तर तो दगड नुसता सपाट दिसला असता. तुम्ही छिन्नी थांबवून विचारलंत, "ऊन सरायच्या आत झालं का तुझं?"

आणि तुमची ती चिमूट. पीठ पडायला लागलं की तुम्ही थोडं अंगठ्याखाली चोळून बघता, मग चक्र किंचित आवळता. तो फोटो मी अगदी जवळून काढलाय. अंगठ्यावरच्या रेघांत पीठ बसलंय आणि एकेक रेघ मोजता येते. समोर पांढरं पीठ असलं की कॅमेरा ते करडं करून टाकतो, म्हणून मुद्दाम उजेड वाढवला. पीठ पिठासारखंच पांढरं दिसायला हवं होतं.

गर्दीच्या वेळी मी मध्ये उभी असायचे, तरी तुम्ही एकाही गिऱ्हाईकाला कुरकुर करू दिली नाहीत. "पोरगी काम करतीय," म्हणायचात. माझ्या फोटो काढण्याला काम म्हणणारे तुम्ही पहिले.

चिमटीच्या फोटोची मोठी प्रत काकूंसाठी काढून ठेवलीय. रविवारी दळणाबरोबर घेऊन येते. पुढच्या वेळी टाकी लावायची असेल तेव्हा आदल्या दिवशी कळवा, मी सुट्टी टाकते.

तुमची,
गव्हाच्या डब्यावाली